मुगालुला वकिलांचं प्रतिज्ञापत्र

स्तानिस्लास मुगालुला यांच्याकडे फार मोठ्या आशेनं कोणी खटला घेऊन जात नसे. बांधाची भांडणं, वाटणीची भांडणं, कुणाची गाय कुणाच्या केळीच्या बागेत शिरली, असल्या कज्ज्यांवर त्यांचं घर चालायचं. कसाम्ब्वेच्या बाजाराच्या टोकाला, शिंप्याच्या दुकानाला लागून त्यांची खोली होती. वकील बोलत असताना पलीकडे शिलाई मशीन खडखडत असायचं, आणि आत आलेला अशील आधी काजबटणं करून घ्यायलाच बसतो की काय, अशी गावात थट्टा चालायची.

माणूस भला. ओरडणं नाही, टेबलावर हात आपटणं नाही. "कोर्टात भांडून जे मिळतं ते ठाण्यात चहा पिऊन निम्म्या वेळात मिळतं," असं ते म्हणायचे आणि ते खोटं नव्हतं. ठाणेदार ब्यारुहांगाशी त्यांचं चांगलं मेतकूट जमलं होतं. सकाळी कोणाला उचललं की दुपारी वकीलसाहेब ठाण्यात जाऊन बसत, फुटबॉलवर बोलत, पावसापाण्यावर बोलत, आणि दिवेलागणीला माणूस जामिनावर बाहेर. गावाला हीच वकिली वाटायची. त्यांनाही तीच वाटायची.

मग पाणथळीचं प्रकरण निघालं. जिथं बायका चटयांसाठी लव्हाळे कापायच्या ती जागा सरकारनं एका साखर कंपनीला दिली आणि कंपनीनं तारेचं कुंपण घातलं. देओ नावाचा एक पोरगा बाजाराच्या नाक्यावर भाड्यानं मोटरसायकल चालवायचा. त्यानं पन्नासेक लोक जमवले आणि कुंपणासमोर बसवले. वर रेडिओवर जाऊन, ही जमीन कोणत्या साहेबानं विकली त्याचं नाव घेतलं. पुढच्याच आठवड्यात भर बाजारात नंबर नसलेली व्हॅन आली, साध्या कपड्यांतल्या लोकांनी देओला मानगुटीला धरून आत कोंबलं, आणि व्हॅन सरळ ठाण्याच्या फाटकातून आत गेली. बघणारे पुष्कळ होते. बोलणारं कोणी नव्हतं.

त्याची आई, आमच्याकडे आईला 'मामा' आणि पुढे पोराचं नाव लावून बोलावतात म्हणून मामा देओ, त्याच दिवशी मुगालुलांच्या खोलीत आली. खुर्चीवर न बसता चटईवर बसली. आमच्याकडे नाव विचारायच्या आधी कूळ विचारतात, तसं वकिलांनी विचारलं.

"नवऱ्याचं कूळ कुठलं?"

"नाकतोड्याचं."

"मग माझंच की. तुमचा पोरगा माझा पुतण्या झाला, वहिनी."

ती एवढा वेळ कोरडी होती, ते ऐकून तिला रडू फुटलं. "मग भाऊजी, आणा त्याला घरी," ती म्हणाली. आमच्यात देवक एक निघालं की आणखी काही जुळवावं लागत नाही. ज्याचं देवक नाकतोडा, तो नाकतोडा तोंडात घालत नाही, आणि त्या कुळाची पोरं सगळ्यांची पोरं असतात. मुगालुला तिथल्या तिथे कोट घालून ठाण्यात गेले.

ब्यारुहांगानं चहा मागवला. "आहे तुझा माणूस. वरून चौकशी चालू आहे, भेटता येणार नाही. घरचं जेवण पाठवा, आम्ही काय राक्षस आहोत?"

आता हे जेवणाचं आमच्या गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. ठाण्यानं जेवण घेतलं म्हणजे माणूस आत आहे. परत पाठवलं म्हणजे त्याला दुसरीकडे हलवलाय. कुठल्याही कागदापेक्षा लोकांचा या खुणेवर जास्त विश्वास. मामा देओ रोज केळीच्या पानात मटोके, म्हणजे हिरवी केळी, वाफवायची, शेंगदाण्याचा दाट रस्सा करायची, पातेलं फडक्यात बांधून ठाण्याच्या खिडकीशी नेऊन द्यायची. पातेलं रिकामं परत यायचं. ती ते वकिलांना उघडून दाखवायची, आणि दोघांनाही बरं वाटायचं.

बरं वाटलं नाही ते एका गोरेट्टी नांटेझाला. ही तरुण वकीलबाई मुगालुलांच्या समोरच्या बाजूनं कितीतरी खटले लढली होती आणि बरेच जिंकलीही होती. ती एकदा रस्त्यातच त्यांना आडवी आली.

"दोन दिवसांत कोर्टापुढे उभं करायचा कायदा आहे, साहेब. दोन दिवस कधीच उलटले. जिल्ह्याच्या कोर्टात अर्ज टाका. म्हणावं, माणूस हजर करा."

"अर्ज टाकला की ब्यारुहांगा बिथरेल. मार पोराला बसेल, तुला-मला नाही."

"आत्ता बसत नसेल कशावरून?"

"पोरगं जेवतंय, गोरेट्टी. रोज जेवतंय."

"तुम्ही बघितलंत?"

बाईला अनुभव नाही, असं म्हणत ते घरी गेले.

नाकतोड्यांचा हंगाम आला. रात्री त्यांना पकडायला पत्रे उभे राहिले, मोठाले दिवे लागले, पोत्यांनी नाकतोडे पडले आणि सगळ्या बाजाराला कांद्यात परतलेल्या नाकतोड्यांचा वास सुटला. त्याच दिवसांत मामा देओ तापानं फणफणली. कसाबसा स्वैपाक केला, पण चालवेना. शेजारीण जोव्हिया पश्चिमेकडची, तिच्याकडे हे देवकाचं प्रकरण नाही. पोराच्या तोंडाला चव येईल म्हणून मायेनं तिनं परतलेल्या नाकतोड्यांची एक पुडी पातेल्यात वरच ठेवली, आणि पातेलं मुगालुलांच्या हाती दिलं.

खिडकीशी शिपायानं तपासायला झाकण काढलं तेव्हा वकिलांनी पुडी पाहिली. त्यांना लाजल्यासारखं झालं. जाऊ दे, पोरगा बाजूला ठेवील, बाहेर आला की यावरून हसू, असं म्हणत ते व्हरांड्यातल्या बाकावर बसले. थोड्या वेळानं पातेलं परत आलं. मटोके जवळजवळ तसेच होते. पुडीचं पान मात्र चाटूनपुसून स्वच्छ.

"कोणी खाल्लं?" त्यांनी विचारलं.

"कोणी म्हणजे? तुमच्या माणसानं."

"नाकतोडे पण?"

"ते तर सगळ्यात आधी. बोटं चाटली, साहेब," शिपाई म्हणाला. त्याच्या मिशीला कांद्याचा तुकडा चिकटलेला होता.

मुगालुलांनी पातेलं बाकावर ठेवलं. तसेच ते ठाणेदाराच्या खोलीत शिरले.

"देओ कुठं आहे?"

"बस. चहा सांगतो."

"कुठं आहे तो?"

"अरे, आत आहे. जेवला ना आत्ता?"

"जो जेवला तो आमच्या कुळातला नाही."

ब्यारुहांगा हसला. "भुकेला माणूस काहीही खातो, मुगालुला."

"भुकेला माणूस मटोके टाकून नाकतोडे वेचत बसत नाही."

"आणि हे तू कोर्टात सांगणार? किड्यांवरून?" तो आता हसत नव्हता. "इतक्या वर्षांची ओळख आहे आपली. विचार कर."

चहा आला. मुगालुला तो न घेता बाहेर पडले.

अर्ज करायचा तर कोणीतरी शपथेवर सांगायला हवं होतं, आणि पाहिलं होतं ते एकट्या मुगालुलांनी. ते साक्षीदार झाले की त्यांना खटला चालवता येणार नव्हता. एकाच माणसाला दोन्ही टोप्या घालता येत नाहीत. म्हणून ते गावातल्या वकिलांची दारं धुंडाळत फिरले. एकाच्या घरी लग्न होतं. एकाचा भाचा पोलीस भरतीत होता. तिसरा, ज्याच्याबरोबर ते रविवारी प्रार्थनेला एकाच बाकावर बसायचे, तो दारातूनच म्हणाला, "स्तानिस्लास, मला लहान पोरं आहेत रे." त्यांना त्याचा राग आला नाही. परवापर्यंत आपणही हेच बोललो असतो, हे त्यांना कळत होतं, आणि ते कळणं फार वाईट होतं.

शेवटी गोरेट्टीकडे गेले. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"आधी का नाही केलात?"

"चुकलो."

"हेही लिहावं लागेल. चहा, गप्पा, पातेल्यावर विसंबून राहणं. नाहीतर उलटतपासणीत ते तुम्हाला सोलून काढतील."

"लिही," ते म्हणाले.

जिल्ह्याच्या कोर्टात सरकारी वकिलानं ते प्रतिज्ञापत्र मोठ्यानं वाचून दाखवलं, नाकतोडा शब्द आला की थांबून इकडेतिकडे बघत. लोक हसले. ब्यारुहांगा मागे उभा होता, तोही हसला. न्यायाधीश हसले नाहीत. त्यांनी मुगालुलांकडे पाहिलं.

"तुम्ही स्वतः असे उपाशी असता, तर खाल्ले असते?"

नाही म्हणणं सोपं होतं आणि अर्जाच्या फायद्याचंही होतं. पण शपथ घेतली होती, आणि एवढ्यात पुष्कळ खोट्यावर ते जगले होते.

"सांगता येत नाही, माय लॉर्ड. कदाचित खाल्लेही असते. पण आधी मटोके खाल्ले असते."

देओला दुसऱ्या दिवशी हजर करा, असा हुकूम झाला. दुसऱ्या दिवशी पोलिसांनी लेखी सांगितलं, की या नावाचा माणूस आमच्या ताब्यात कधी नव्हताच.

गोरेट्टी राजधानीतली एकेक शवागारं पालथी घालत फिरली. एका मोठ्या इस्पितळात 'अनोळखी पुरुष' म्हणून ठेवलेला देओ तिला सापडला. मुगालुलांनी जाऊन ओळख पटवली. त्याची नखं काढलेली होती. डॉक्टर वयस्कर होता, दारू प्यायल्यासारखा हळूहळू बोलत होता. प्रेत येऊन फार दिवस झाले नाहीत, तो म्हणाला. जखमा मात्र जुन्या, नव्या, मधल्या, सगळ्या तऱ्हेच्या आहेत. म्हणजे उचलल्यावर पोरगा बरेच दिवस जिवंत होता. गोरेट्टी रस्त्यात आडवी आली तेव्हा जिवंत होता. मुगालुला तिथल्या भिंतीला टेकून खाली बसले आणि तोंडावर रुमाल धरून रडले, एखाद्या पोरासारखे.

त्याला घरामागच्या केळीच्या बागेत, झाडाच्या सालीच्या वस्त्रात गुंडाळून पुरलं. कुळातला म्हणून मुगालुलांनीही फावडं हाती घेतलं. माती टाकून झाल्यावर गोरेट्टी त्यांना बाजूला घेऊन म्हणाली, "या लोकांवर खटला भरायचा तर आईला फिर्यादी व्हावं लागेल. मी कानावर घातलंय, पण तुम्ही बोला, तुमचं ऐकते ती. डॉक्टरांचं एवढ्यात काही सांगू नका. मोडेल ती."

मुगालुला बायकांमध्ये चटईवर बसलेल्या मामा देओजवळ गेले आणि मातीतच बसले. न सांगणं त्यांना जमलं असतं. आयुष्यभर गोड बोलूनच त्यांनी माणसं सांभाळली होती.

"वहिनी, मी पहिल्या दिवशी ठाण्यात गेलो ना, तेव्हा तो जिवंत होता."

तिनं मान वर केली नाही.

"नंतरही होता. बरेच दिवस. त्याच वेळी कोर्टात गेलो असतो तर कदाचित सापडला असता. मला तसं सांगणारं माणूसही होतं. मी ऐकलं नाही."

आजूबाजूच्या बायका रडायच्या थांबल्या. मामा देओ आपल्या हातांकडे बघत राहिली.

"ती पोरगी खटल्याचं म्हणत होती," ती म्हणाली. "कुणासाठी? माझा तर गेला."

"आणखी कुणाच्या पोरांना उचलतील, त्यांच्यासाठी."

"दुसऱ्यांची पोरं मी पाहिलेली नाहीत."

मुगालुला उठायला लागले.

"येईन मी कोर्टात," मामा देओ म्हणाली. "सांगेन सगळं. पण तुम्ही माझ्या शेजारी बसू नका."