तानुबाईंनी न सोडलेली नस

धाड गावच्या तानुबाईंच्या घरातून कधी काही बाहेर फेकलं गेलं नाही. फुटका तांब्या, मोडकी सांडशी, नवऱ्याच्या जुन्या धोतराच्या चिंध्या, सगळं माळ्यावर. सून पुष्पांजली दर दिवाळीला कुरकुरायची, "आत्याबाई, माळा पडते आता डोक्यावर!"

"पडू दे वं. कामी येते कधी ना कधी."

त्याच पुष्पांजलीच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या. नवरा गजेंद्र, त्याचा रक्तगट जुळेना. तिच्या आईला साखर. तानुबाईंनी देवापुढं दिवा लावला आणि उठता उठता म्हणाल्या, "माही घ्या."

सासूची किडनी म्हणून समितीची परवानगी लागणार होती, त्यांनी तीही धावपळ सोसली. तपासण्या जुळत गेल्या. शेवटी संभाजीनगरच्या दवाखान्यात नसांचा स्कॅन झाला, डॉक्टरांनी तो पडद्यावर दाखवला.

"आजी, किडनीला सहसा एकच मोठी नस रक्त पुरवते. तुमच्या डावीला दोन आहेत, उजवीला तीन."

जन्मात पहिल्यांदा तानुबाईंना जास्तीचं नकोसं वाटलं. "म्हंजे माही चालत नाही?"

"अहो, हा दोष नाही, पुष्कळांना असतं. बाळ पोटात असताना किडनी खालून वर सरकत जाते. वरची नवी नस धरते, खालची जुनी सोडते. तुमच्या किडनीनं जुनी सोडलीच नाही."

एवढ्या काळजीतही गजेंद्रला हसू फुटलं. "डाक्टरसाहेब, आमच्या मायनं आजवर सोडलं काय?"

"दात काऊन काढून राह्यला बे? पोरीचं काय, ते इचार!"

"डावी घेता येईल," डॉक्टर म्हणाले. "दोन्ही नसांची तोंडं शेजारी ठेवून, शिवून एक करावं लागेल. काम नाजूक आहे, पण होतं."

तानुबाईंनी हात जोडले. "शिवा बाप्पा. पण दोन्ही जोडजा, एकही वाया जाऊ देऊ नका."

एकही वाया गेली नाही. नवी किडनी ऑपरेशनच्या टेबलावरच कामाला लागली. पुढं तानुबाईंना चाकाच्या खुर्चीत बसवून सुनेच्या खोलीच्या काचेपाशी आणलं, गजेंद्रनं फोन लावून दिला. अंगाऱ्याची पुडी मुठीत घट्ट धरून त्यांनी आधी तिचा चेहरा डोळे भरून पाहिला. मग हळूच म्हणाल्या, "घरी कोनी माळा त साफ नाही केला ना?"

काचेपलीकडं पुष्पांजली टाके सांभाळत हसली.

"आता कोन करते, आत्याबाई? तुमचं सामान त माह्याच पोटात हाय."