काकांचा डेस्कटॉप मी हलवला

दिगंबरकाकांच्या कॉम्प्युटरचं स्टार्ट बटण मी घालवलं.

काका आज पहाटे गेले. इथं लातुरातल्याच त्यांच्या घरी जाऊन आत्ताच आलोय.

आमच्या कोचिंग क्लासच्या जुन्या पोरापोरींना काका आठवत असतील. झेरॉक्स रूमच्या शेजारी, पंख्याखाली, कानावर पेन. दर रविवारच्या टेस्टचा पेपर टाइप करायचे, प्रिंट काढायचे, सीलबंद गठ्ठे करायचे. क्लास पत्र्याच्या शेडमध्ये होता तेव्हापासून.

"आजवर एक पेपर चुकला न्हाई आपल्या हातून." चहा पिताना हे हमखास सांगायचे.

त्यांना दुसऱ्या कशाचं कौतुक नव्हतं. फक्त याचं होतं.

मी नवीनच लागलो होतो. नांदेडहून डिप्लोमा करून आलेला सिस्टिमवाला. अंगात लई मस्ती. क्लासचे सर म्हणाले, सगळ्या मशीनवर ऑपरेटिंग सिस्टिमचं नवीन व्हर्जन टाक.

टाकलं. आणि ऑफिसात बोंबाबोंब!

स्टार्ट बटण गायब. स्क्रीनभर रंगीत चौकोन. रिसेप्शनच्या मॅडमना कॉम्प्युटर बंद कुठून करायचा तेच सापडेना. त्या सरळ प्लग उपटून घरी जायच्या.

काकांनी तर मशीनला हातच लावू दिला नाही. मॉनिटरवर कागद चिकटवला: "या मशीनला हात लावू नये. हुकुमावरून."

"कोणाच्या हुकुमावरून, काका?"

"माझ्या."

मी म्हटलं, अहो काका, चांगलंय नवीन. फास्ट आहे.

"आमचं नवं गाव बी चांगलं हाय," ते म्हणाले. "भूकंपात जुनं गेलं, मंग हे बांधून दिलं. सिमेंटची घरं, सरळ रांगा, सगळी एकसारखी. माझा बा दोन साल दुसऱ्याच्याच घरात शिरायचा. माय आधी हसायची, मंग रडायची. घरं द्यायला लई जण आले रं. दार कुणीकडं पाहिजे, एवढं कुणी इचारलं न्हाई."

भूकंप झाला तेव्हा मी पाळण्यात होतो. मला काय कळणार? "हाव काका" म्हटलं आणि विसरलो.

काकांची कामाची एक पद्धत होती. फाइलला नाव म्हणून कीबोर्डवर हात पडेल ती अक्षरं.

"नावं वाचत बसलो तर पेपर कवा निघायचा?"

सगळं जागेवर. डेस्कटॉपवर डावीकडं फिजिक्स, मधे केमिस्ट्री, उजवीकडं बायो. सगळ्यात वर या रविवारचा पेपर, त्याखाली पुढचे. एकदा तपासून झालेली फाइल ते परत उघडायचे नाहीत. राइट क्लिक, प्रिंट, संपलं.

एका शुक्रवारी काका भाचीच्या लग्नाला निलंग्याला गेले.

मी संधी साधली. कागद काढला, नवीन व्हर्जन टाकलं.

मशीन सुरू केलं तर डेस्कटॉपवरच्या सगळ्या फाइली विस्कटलेल्या.

मग मी त्या अंदाजानं परत तीन रांगांत लावल्या, पहिल्यासारख्या दिसतील अशा. एकेक उघडून बघितली असती तर कळलं असतं कुठली कुठं जाते. कंटाळा केला.

शनिवारी काका आले. रंगीत चौकोन बघून मला यथेच्छ शिव्या घातल्या. मी एक चौकोन दाबून त्यांचा डेस्कटॉप दाखवला. तीन रांगा बघून जरा शांत झाले.

"आतलं काही हलवलं न्हाईस ना?"

"नाही काका."

हे खोटं होतं. मी त्यांच्या तोंडावर खोटं बोललो. त्यांनी नेहमीसारखं सगळ्यात वरच्या फाइलींवर राइट क्लिक करून प्रिंट काढले आणि गठ्ठे सील केले.

रविवारी वर्गात बायोचे गठ्ठे फोडले आणि न शिकवलेल्या धड्याचा पेपर निघाला. पोरं एकमेकांच्या तोंडाकडं बघत बसली. टेस्ट रद्द.

रविवारची टेस्ट रद्द होणं म्हणजे काय, ते लातूरकरांना सांगायला नको. दिवसभर पालकांचे फोन.

सरांनी आम्हा दोघांना केबिनमध्ये बोलावलं. "कुणाची चूक?"

मी फरशीकडं बघत होतो. माझी नोकरी दोन महिन्यांची. घरी सगळे तिच्यावरच डोळे लावून बसलेले.

काकांनी माझ्याकडं बघितलं. त्यांना कळलं होतं. टेस्ट रद्द झाल्या झाल्या त्यांनी एकेक फाइल उघडून बघितली होती.

"माझी," ते म्हणाले. "उघडून बघायला पाहिजे होतं."

सरांनी पेपरचं काम त्यांच्याकडून काढून घेतलं. ॲडमिशनच्या फॉर्मच्या काउंटरवर बसवलं. रिटायर होईपर्यंत ते तिथंच बसले.

केबिनबाहेर मला रडू आवरेना.

"गप. लेकरू हायेस अजून," म्हणाले. "पण पुन्हा कुणाच्या घरातलं हलवायचं असलं तर इचारून हलव."

त्यानंतर किती चहा घेतले आम्ही सोबत. पण पेपर चुकला न्हाई, हे वाक्य त्यांनी परत कधी म्हटलं नाही.

आणि मी? आधी नोकरीची भीती, नंतर लाज. सरांना आजवर सांगितलं नाही. आता मीच क्लासचा सिस्टिम हेड आहे. लोक मला सर म्हणतात.

आज त्यांची मुलगी शुभदा माझ्याजवळ येऊन बसली. रडून रडून तिचा आवाज बसलेला.

म्हणाली, "दादा, बाबांना शेवटपर्यंत एकच खंत होती बघा. म्हणायचे, सगळं नीट झालं, एकच पेपर चुकला माझ्या हातून."

म्हणजे घरीसुद्धा सांगितलं नव्हतं.

मी तिथंही गप्प बसलो. अंगणात माणसं होती, तयारी चालली होती. खरं म्हणजे धीर झाला नाही.

म्हणून इथं लिहितोय, सगळ्यांसमोर. सर, तुम्हीही वाचाल.

शुभदा, तो पेपर मी चुकवला. तुझ्या बाबांच्या हातून एकही पेपर चुकला नाही.

काका, श्रद्धांजली नंतर वाहतो. आधी माफी मागतो.