बू मूर्तींचा मुका रकाना

बू मूर्ती निवृत्त होणार, ही बातमी फुटली तेव्हा करांगजाती गावच्या बायकांनी एकच प्रश्न विचारला, "मग आता आम्ही आजारी पडायचं कुणाच्या भरवशावर?"

बू म्हणजे बाई. बाईंचं पूर्ण नाव मूर्तीनिंगसिह. पण गुनुंगकिदुल जिल्ह्याच्या चुनखडीच्या डोंगरांत एवढं नाव उच्चारायला वेळ कुणाला आहे? गावच्या आरोग्य केंद्रात सरकारी सुईण म्हणून त्या लागल्या तेव्हा केस काळेभोर होते, आणि ज्यांची नाळ त्यांनी कापली त्यांतले कितीतरी जण आता स्वतःची पोरं कडेवर घेऊन रांगेत उभे राहतात. कुणाला कुठल्या गोळीनं अंगावर गांधी उठतात, कुणाचा बाप कशानं गेला, सगळं बाईंना तोंडपाठ. स्वभाव तिखट आणि जीभ त्याहून. लोक त्यांना घाबरायचे, आणि बाईंशिवाय त्यांचं पानही हलायचं नाही.

केंद्रात कॉम्प्युटर यावा म्हणून जिल्ह्याच्या कचेरीत ठाण मांडून बसल्या त्याही बू मूर्तीच. साहेब कंटाळला आणि त्यानं सही केली.

"तुम्हीच आमच्या कॉम्प्युटर, बू," बायका म्हणाल्या. "ही पेटी कशाला?"

"आणि ह्या कॉम्प्युटरला पेन्शन लागली की? अंगात ताप घेऊन मला विचारायला सोलो शहरात माझ्या लेकीच्या घरी येणार का?"

त्यांना घोर लागला होता तो एका पोराचा. म्बाह सुमिरा म्हणजे सुमिरा आजी, तिचा नातू. दोन वर्षांपूर्वी त्याला केंद्रात पेनिसिलीनचं इंजेक्शन दिलं आणि पोराचा श्वासच अडकला, चेहरा सुजून डोळे मिटले. बू मूर्तींनी उताऱ्याचं औषध टोचून, छाती चोळून त्याला परत आणलं. बू मूर्तींच्या मते दोष औषधाचा. सुमिराच्या मते नावाचा. जहाजावर नोकरी करणाऱ्या बापानं हौसेनं नाव ठेवलं होतं चक्रबुवाना विरायुधा. एवढ्याशा जिवाला ते पेललं नाही, इतकी साधी गोष्ट. इथे पोर सारखं आजारी पडलं की लोक हेच म्हणतात, नाव जड झालं. मग तांबडी आणि पांढरी खीर करायची, शेजारपाजार बोलवायचा आणि हलकं नाव ठेवायचं. सुमिरानं ठेवलं वालुयो, म्हणजे बरा झालेला. जुनं नाव पुन्हा तोंडातून काढायचं नाही, नाहीतर आजार ओळख धरून परत येतो.

तेव्हापासून कुणीही विचारलं की सुमिरा छातीवर हात ठेवून सांगायची, "वालुयोला कधी काही झालेलं नाही. झालं ते त्या दुसऱ्या नावाला." ती खोटं बोलत नव्हती. तिचा तसा विश्वासच होता. उद्या बू मूर्ती गेल्या आणि नव्या डॉक्टरनं विचारलं, ह्याला कुठलं औषध सोसत नाही का, तर सुमिरा हेच सांगणार. आणि मग तीच सुई.

कॉम्प्युटर आला. त्याच्याबरोबर शहरातून गिलांग नावाचा तरुण आला, हुशार आणि घाईचा. त्यानं सगळ्यांची नावं सरकारी कुटुंबपत्रांवरून सरसकट उचलली. रांगेत भांडणं नकोत म्हणून अंगणात भोंगाही लावला. पहिल्याच सोमवारी अंगण भरलेलं, बायका उसाच्या रसावरून गप्पा हाणतायत, आणि भोंगा खणखणीत आवाजात म्हणाला, "चक्रबुवाना विरायुधा, खोली दोन."

सुमिरानं पोराचे कान दाबले आणि त्याला उचलून ती फाटकाबाहेर पडली. जाता जाता म्हणाली, "आजाराला भोंग्यावरून आवतण धाडता? शाबास."

करांगजातीत घराआड एक असं टाकून दिलेलं नाव आहे. कुटुंबपत्रावर ते बदलून घ्यायला कचेरीत कोण खेटे घालतो? दुसऱ्या आठवड्यात अंगणात कोंबड्या फिरत होत्या. जिल्ह्यातून फोन आला, महिनाअखेर लोक आले नाहीत तर यंत्र उचलून दुसऱ्या केंद्राला देऊ.

"ही अंधश्रद्धा आहे, बू," गिलांग म्हणाला. "लोकांची समजूत घाला."

"समजूत तू घाल, तुझं वय आहे. मला रकाना हवाय."

"कसला रकाना?"

"मुका. जुनं नाव त्यात बसेल. भोंग्यावर येणार नाही, चिठ्ठीवर छापलं जाणार नाही. पण त्या नावाला जे जे झालं, ते नव्या नावाखाली डॉक्टरसमोर उभं राहिलं पाहिजे."

"वरून परवानगी लागेल."

"मग वर जा."

पुढे रोज सकाळी गिलांगचा चहा व्हायच्या आत बू मूर्तींचा फोन. पोरगं जेरीस आलं, पण रकाना झाला, आणि खरं सांगायचं तर झकास झाला.

आता सुमिरा. बू मूर्ती तिच्या घरी गेल्या तेव्हा ती ओसरीवर कसावाचे कंद सोलत बसली होती. तिनं मान वर केली नाही.

"म्बाह, यंत्राचं तोंड शिवलंय मी."

"तुझं कधी शिवणार?"

"डिसेंबरात, पेन्शन लागली की. म्हणूनच आलेय. नाव मी मागत नाही, ते मला ठाऊक आहे. ते यंत्राच्या पोटात ठेवायची परवानगी मागतेय."

सुमिरानं एक कसावा सोलून दुसरा घेतला. "आम्ही नाव बदललं तेव्हा खीर केली, अख्ख्या आळीला जेवू घातलं. सगळ्यांना कळलं. तुझ्या यंत्राला कुणी बोलावलं होतं? त्याला कसं कळणार?"

म्हातारीचं चुकत कुठे होतं? नाव बदलल्याचं त्या पेटीला रीतसर कुणी सांगितलंच नव्हतं.

शुक्रवारी केंद्राच्या पडवीत तांबडी-पांढरी खीर रटरटली. पहिली वाटी कॉम्प्युटरपुढे ठेवली. गिलांग हातात फडकं घेऊन शेजारी उभा, एक थेंब सांडला तर काय, ह्या धास्तीनं. नव्या डॉक्टरीणबाई अनिंदिता दोन वाट्या चापून मोकळ्या झाल्या. सुमिरा आली, लांबूनच बघितलं, खीर खाल्ली आणि "गूळ कमी आहे" म्हणून निघून गेली. बू मूर्तींनी तोच होकार धरला आणि जुनं नाव, ती सुई, सगळं मुक्या रकान्यात घातलं.

पण पुढच्या आठवड्यात ती पोराला पाठुंगळी घेऊन आली. वालुयोचा घसा सुजला होता, अंग भाजत होतं. सरळ आत जाऊन डॉक्टरच्या कानात सांगणं सोपं होतं. त्या गेल्या नाहीत; उद्या त्या नसताना हे यंत्रानंच सांगायचं होतं. खोली दोनच्या खिडकीखालच्या बाकावर जाऊन बसल्या. इंजेक्शनचं नाव ऐकू आलं तर एका उडीत आत, एवढं मात्र ठरवून.

भोंगा वाजला. "वालुयो, खोली दोन."

सुमिरा थांबली. आणखी काही येतंय का, म्हणून कान देऊन उभी राहिली. काही आलं नाही. मग ती आत गेली.

"ह्याला आधी कुठल्या औषधाचा त्रास झालाय का, म्बाह?" डॉक्टरीणबाईंचा आवाज.

"वालुयोला? कधीच नाही."

बू मूर्ती अर्ध्या उठल्या. आत बटणं टकटकली.

"बरं," डॉक्टरीणबाई सावकाश म्हणाल्या. "वालुयोला नाही, समजलं मला. पण इंजेक्शन नको. दुसऱ्या जातीचं पातळ औषध देते, चमच्यानं पाजा."

बू मूर्ती धपकन बाकावर बसल्या आणि ढसाढसा रडल्या, आनंदानं. जन्मभर लोकांनी सगळं त्यांनाच विचारलं होतं. आज कुणी विचारलं नाही आणि पोर वाचलं. ह्याच्याइतकं सुख त्यांना कधी झालं नव्हतं.

सुमिरा बाहेर आली. "रडतेस काय? पोर बरं आहे," म्हणाली, आणि गावभर सांगत सुटली की यंत्राला रीत कळते. अंगण पुन्हा फुललं. बायका टाकलेली नावं कागदावर लिहून, घडी घालून, मुकाट्यानं बू मूर्तींच्या हातात देऊ लागल्या. जिल्ह्याच्या साहेबाचा फोन आला की इतर केंद्रंही हा रकाना मागतायत, तेव्हा गिलांगनं कॉलर ताठ केली, आणि बू मूर्तींनी करू दिली.

डिसेंबरात, बू मूर्तींच्या नोकरीच्या शेवटच्या दिवशी, सगळे पांगल्यावर, सुमिरा आली. पोर बरोबर नव्हतं.

"माझंही एक आहे," ती म्हणाली. "फार लहान होते. आईनं बदललं. आई गेली, आता कुणाला माहीत नाही."

"सांगायला भीती नाही वाटत?"

"तो आजार एव्हाना म्हातारा होऊन मेला असेल."

ती वाकली आणि बू मूर्तींच्या कानात तिनं नाव सांगितलं. बू मूर्तींनी एका बोटानं एकेक अक्षर दाबत ते मुक्या रकान्यात घातलं. मग सवयीनं विचारलं, "ह्या नावाला काय झालं होतं, म्बाह?"

"ते नाही आठवत," सुमिरा म्हणाली. "जगली, एवढं लिही."