मडक्याचा तंबोरा

पुंजाराम सुताराचं कौतुक अमरावतीत फार झालं. मला विचाराल तर त्यातलं निम्मं खुशालराव पाटलांच्या कोटाचं होतं आणि उरलेलं मडक्याचं. पुंजारामच्या वाट्याला काही उरत नाही.

तसा आधी तो तंबोरा चांगला करायचा, हे मान्य. तारा ज्या घोडीवरून जातात तिला कानस लावून, तारेखाली सुताचा दोरा सरकवून तो जवारी काढायचा, तेव्हा तंबोरा घुमायचा. आमच्या भजनातल्या गोदाबाईंचा तंबोरा त्याच्याच हातचा. मी मृदंग धरायचो, त्या गायच्या. त्या तंबोऱ्याशिवाय बाईंना सूर सापडत नसे.

मग समुद्रापलीकडे कुठेतरी गोरे आपसांत लढू लागले आणि आमच्या कापसाला सोन्याचा भाव आला. ज्याच्या कुंपणावर भोपळ्याचा वेल होता त्यानं वेल उपटून सरकी पेरली. तंबोऱ्याला वाळका भोपळा मिळेना. त्याच सुमारास मुंबईचा एक तसबीरवाला कॅमेरा आणि काळा तंबू घेऊन गावात आला. खुशालरावांनी चैत्राच्या उन्हात लोकरी कोट चढवला आणि हातात काहीतरी भारदस्त हवं म्हणून तंबोरा मागवला. बैलांना हाकारण्यापलीकडे त्यांनी जन्मात सूर लावला नव्हता.

पुंजारामनं कुंभाराकडून मडकं आणलं, त्यावर पातळ फळी आणि दांडी बसवली, वर काळी लाख चढवली. घोडीला कानस लावलीच नाही.

"वाजन का हा?" पाटलांनी विचारलं.

"तसबिरीले कान नसते, पाटील."

हे वाक्य तो पुढे शहाणपण म्हणून गावभर सांगत फिरला. पाटलांनी नांगराचं रुमणं धरावं तसा तंबोरा धरला, मान हलू नये म्हणून मागच्या लोखंडी चिमट्यात अडकवली, आणि तसबीर झकास निघाली. झालं. ज्याच्या घरी कापसाची गंजी, त्याला मडक्याचा तंबोरा पाहिजे. पुंजारामनं स्वतःचीही एक तसबीर काढून घेतली आणि दुकानात देवांच्या वर टांगली.

इकडे गोदाबाईंच्या तंबोऱ्याची घोडी झिजली. तारा दबक्या वाजू लागल्या, म्हणून त्या तो घेऊन दुकानात गेल्या.

"मावशी, सध्या मले फुरसत नाई. मोठ्या लोकायचं काम करून राहिलो."

"बरं बापा. ठेवून जातो," बाई म्हणाल्या.

तंबोरा कोपऱ्यात पडला. बाई येत, बघत आणि परत जात. भजनात त्या नुसता टाळ धरून बसू लागल्या. मला त्याचा आजही संताप येतो.

लढाई संपली, भाव कोसळला, तसबीरवाला तंबू गुंडाळून गेला. आता पुंजारामला फुरसतच फुरसत. बाई आणि मी समोर बसलो असताना त्यानं धूळ झटकून त्यांचा तंबोरा मांडीवर घेतला. कानस फिरवली, दोरा सरकवला, तार छेडली. पुन्हा फिरवली. इतक्या वर्षांत लाख चढवण्यापलीकडे त्या हातांनी काही केलं नव्हतं. घोडी हवी त्याहून जास्त घासली गेली. शेवटी तंबोरा त्याच्या मडक्यांसारखाच ठक्क वाजला.

"घोडी जुनी होती, मावशी," पुंजाराम खाली बघत म्हणाला.

गोदाबाईंनी दांडीवरून हात फिरवला. मग देवांच्या वरच्या त्या तसबिरीकडे पाहिलं.

"याचीबी तसबीर काढून ठेव, पुंज्या," त्या म्हणाल्या. "तिच्यात चांगला दिसन."

तंबोरा तिथंच ठेवून त्या घरी निघाल्या. पुढे त्या कधी गायल्या नाहीत.