मताला आलेला माणूस पाहुणा नसतो

अमरावतीहून अकोल्याला कसं जावं, असं परवा नातसुनेनं विचारलं. तिला गाड्यांच्या वेळा हव्या होत्या आणि मी सांगत बसले बासष्ट सालचं. ती बिचारी हो हो म्हणत ऐकत राहिली. तिचा फोन आला तेव्हा कुठे सुटली. मग म्हटलं, इथे ब्लॉगवरच लिहून टाकावं. ज्याला घाई नाही तो वाचेल.

बासष्टची निवडणूक. तेव्हा मतदानाला एकवीस वर्षं लागत, आणि मला ती नुकती पूर्ण झाली होती. आमचं घर मोर्शीचं, पण कॉलेजसाठी मी अमरावतीला काका-काकूंकडे राहायचे. काका वकील. बेचाळीसला तुरुंगात जाऊन आलेले आणि तेव्हापासून एकाच पक्षाचे. कोणत्या, ते लिहीत नाही. नाव लिहिलं की वाचणारे लगेच दोन बाजूंना बसतात आणि गोष्ट राहते बाजूला. आमच्या घरात मत कुणाला द्यायचं हा प्रश्नच नसे. देवघरातला देव कुणी दर वर्षी नव्याने ठरवत नाही, तसंच ते.

त्या वर्षी पक्षाने काकांना अकोल्याकडे भाषणाला बोलावलं. तिथे समोरच्या पक्षातर्फे मनोहरराव उभे होते. ते आणि काका तुरुंगात एकाच बराकीत होते. पुढे मनोहरराव दुसऱ्या पक्षात गेले आणि दोघांचं बोलणं तुटलं. त्यांच्याविरुद्ध बोलायला काकांइतका वजनदार माणूस कुठून मिळणार? पक्षाचा हिशेब सरळ होता. काकू म्हणाली, "नका जाऊ. भाषण कराल आणि मग महिनाभर झोप लागायची नाही." काका म्हणाले, "पक्षाचं काम आहे." नुकतंच त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, म्हणून हात धरायला मला बरोबर धाडलं.

तर प्रवास. अमरावती स्टेशनातून बडनेऱ्याला आणि तिथे गाडी बदलून अकोल्याला. आजही हा रस्ता वाईट नाही. आम्ही तिसऱ्या वर्गात होतो, तिकीट रुपया-दोन रुपयांच्या आत असावं. फेब्रुवारीतली सकाळ, खिडकीतून थंडी आत येत होती. दोन्ही बाजूंना काळीभोर जमीन आणि कापूस वेचून उरलेल्या पऱ्हाट्या. माझ्या मांडीवर मोर्शीच्या संत्र्यांची टोपली, बाबांनी धाडलेली. डब्यात कापसाचे एक दलाल होते, त्यांनी काकांना विचारलं, "वकीलसाहेब, कोन येऊन राह्यलं निवडून?" काका म्हणाले, "आमचाच येणार." "तो करनार काय?" असं त्या गृहस्थांनी सहज विचारलं आणि काकांनी चष्मा पुसायला घेतला. मूर्तिजापूर येईपर्यंत तो पुसत होते.

अकोल्याला मुक्काम मावशीकडे. दुसऱ्या दिवशी जेवणं आटोपल्यावर काकांच्या पक्षाचे उमेदवार बाबुराव जीप घेऊन आले. कापसाच्या जिनिंगचे मालक, हसतमुख आणि बोलायला गोड. त्यांच्याबद्दल वाईट लिहावं असं मला तेव्हाही काही दिसलं नाही. अकोटच्या रस्त्याला लागलो, पूर्णा ओलांडली आणि डावीकडे गाडीवाटेला वळलो. इकडे जायचं असेल तर कोरड्या दिवसांत जा. पाऊस पडला की ती माती चाकाला अशी धरते की बैलसुद्धा हात टेकतात.

हा सगळा खारपाणपट्टा. विहिरीला पाणी भरपूर, पण खारट. वाटेत डोक्यावर हंडे घेतलेल्या बायका ओळीने येताना दिसल्या. गोडं पाणी लांबच्या एका विहिरीवरून आणायचं. ते आल्यागेल्याला आणि वरण शिजवायला, एरवी घरात खारंच. पाहुण्याला गोडं पाणी देणं हा तिकडचा सगळ्यात मोठा मान. हे मला गावात गिरजाबाईंच्या स्वयंपाकघरात कळलं. त्या पाटलीणबाई. गावाची सभा त्यांच्या घरासमोरच्या निंबाखाली होती. त्या गावाचा नियम असा, की सगळ्या उमेदवारांनी एकाच दिवशी यायचं. "चना सोंगाचे दिस हायेत," गिरजाबाई म्हणाल्या. हरभऱ्याची कापणी चालू होती. "एकाले आज आयका, दुसऱ्याले उद्या आयका, मंग कामं कोन करन?"

त्यांनी मला भाकरी, ठेचा आणि अंबाडीची भाजी वाढली आणि पितळी पेल्यात पाणी दिलं. गोड होतं. मी संत्र्यांची टोपली त्यांच्यापुढे ठेवली. तेवढ्यात त्यांनी दुसऱ्या माठातून दोन तांबे भरले आणि बाहेर धाडले. मी विचारलं, हे वेगळं का?

"ते गावच्या इहिरीचं हाय, खारं. उमेदवाराईले."

"पण पाहुणे आहेत ना ते?"

"मताले आलेला मानूस पाव्हना नसते, बाई. आमी रोज हेच पेतो. त्याईले एक दिस चाललं पायजे."

सभेला एका बाजूला बाबुराव आणि काका, दुसऱ्या बाजूला मनोहरराव, उंच आणि फार वाळलेले. काकांनी त्यांच्याकडे पाहिलं नाही. बाबुरावांनी तांब्या उचलून एका दमात रिकामा केला आणि धोतराने ओठ पुसले. लोकांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. मनोहररावांनी एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं आणि तांब्या खाली ठेवला. मागून कुणीतरी हसलं.

टाळ्या थांबल्यावर गिरजाबाई दारातूनच म्हणाल्या, "पेले ते बेस झालं. आता करसान काय ते सांगा."

बाबुराव बोलले. चळवळ, त्याग, पक्षाची थोरवी. सुंदर बोलले. शेवटी म्हणाले, पक्षाचे हात बळकट करा, पाण्याचं पक्ष बघेल.

"पार्टीचं नाही इचारत म्या," गिरजाबाई म्हणाल्या. "पान्याचं इचारून राहिली."

मग मनोहरराव उठले. म्हणाले, "मला हे पाणी पिववत नाही. तुम्हालाही प्यावं लागू नये." सातपुड्याच्या पायथ्याशी पाणी गोड आहे, तिथे मोठ्या विहिरी खणायच्या आणि नळ खाली आणायचा. गावं ओळीने घेतली जातील. "तुमचं गाव पहिलं नाही. नळ वरून येणार, त्यामुळे वरची गावं आधी. पैसा लागेल, म्हणून बाजारात जाणाऱ्या कापसावर थोडा कर बसेल. तुमच्याही कापसावर." लोक कुरकुरले. मत मागायला आलेला माणूस कर सांगतो, असं मी तोवर ऐकलं नव्हतं.

आता काकांची पाळी. भाषण त्यांनी घरी मला दोनदा म्हणून दाखवलं होतं. पक्षाशी बेइमानी, मैत्रीला काळिमा, सगळं त्यात होतं. मी हात धरून त्यांना उभं केलं.   

भाषण सुरू करायचं सोडून ते बाबुरावांकडे वळले. "बाबुराव, पाणी कुठून आणायचं, काही ठरलंय?"

"पक्ष ठरवेल ना, वकीलसाहेब."

"पक्ष म्हणजे आपणच की. तुम्ही काय ठरवलंत?"

बाबुराव हसले आणि धोतराचा सोगा सावरू लागले. मग काका दुसऱ्या बाजूला वळले. बारा वर्षांनी पहिल्यांदा.

"मनोहर, दोन एकरवाल्यानेही तोच कर द्यायचा?"

"नाही. ठरावीक कापसाच्या वर."

"आणि उन्हाळ्यात त्या विहिरी आटल्या तर?"

 "त्याचा विचार अजून पुरा झालेला नाही," मनोहरराव म्हणाले.

"तो करा," काका म्हणाले, आणि लोकांकडे तोंड केलं. "मी यांच्याविरुद्ध बोलायला आलो होतो. मी माझा पक्ष सोडलेला नाही, सोडणारही नाही. पण तुमच्या प्रश्नाला आमच्या बाजूने उत्तर आलेलं नाही. ते येईपर्यंत तुमच्याकडे मत मागायला मला तोंड नाही." आणि खाली बसले.

मला त्या क्षणी काकांचा फार अभिमान वाटला, आणि भीतीही तेवढीच वाटली. बाबुराव आमच्याशी न बोलता जीपमध्ये बसले आणि धूळ उडवत गेले. मनोहरराव जवळ आले. "चल, माझ्या गाडीतून सोडतो."

"नको," काका म्हणाले. "तुझ्या गाडीत बसलो तर उद्या लोक म्हणतील, म्हाताऱ्याने पक्ष बदलला."

शेवटी गिरजाबाईंनी दमणी, म्हणजे छोटी बैलगाडी, जुंपायला सांगितली. निघताना त्यांनी काकांपुढे पेला धरला. "घ्या. गोडं हाय. आता पाव्हने झाले तुमी." काका प्यायले. दमणी वाटभर कुरकुरत होती आणि ऊन कलत होतं. डांबरी रस्त्यावर एस.टी. मिळाली.

घरी आल्यावर मी काकूला सगळं रंगवून सांगितलं आणि जाहीर केलं, माझं पहिलं मत मनोहररावांच्या पक्षाला. काका वर्तमानपत्राआडून म्हणाले, "पाणी आणणार आहे तो तिकडे. अमरावतीत त्याच्या पक्षाचा उमेदवार काय करणार, विचारलंस?"

विचारलं नव्हतं. एका पक्षाची पाटी काढून मी दुसऱ्याची लावून घेतली होती, एवढंच.

मग मी आणि काकू अमरावतीतल्या दोन्ही पक्षांच्या सभांना गेलो. मी एकच विचारलं. अमरावतीबाहेरच्या वलगावसारख्या गावांतल्या मुलींना शहरात राहायला जागा नसते, म्हणून त्या घरी बसतात. सगळ्यांना काका नसतात. त्यांच्यासाठी काय करणार? मनोहररावांच्या पक्षाचा माणूस म्हणाला, आमच्या नेत्यांचं धोरण प्रसिद्ध आहे. काकांच्या पक्षाचा माणूस मात्र वसतिगृह कुठे बांधायचं, खर्च कसा उभा करायचा, बाईमाणूस देखरेखीला कोण ठेवायचं, सगळं सांगत बसला. काकू परतताना म्हणाली, "हा बोलायला किती रुक्ष आहे गं." होताच. मी मत त्याला दिलं.

अकोल्याकडे मनोहरराव पडले. काकांना पक्षाने नंतर कुठेही भाषणाला बोलावलं नाही. रविवारी ओसरी माणसांनी भरायची, ती रिकामी राहू लागली. काकू सवयीने जास्तीचा चहा टाकायची आणि आम्ही तो पुन्हा गरम करून प्यायचो. काका बोलून दाखवत नसत, पण फाटक वाजलं की मान वर करत. ते बघवत नसे.

अशाच एका रविवारी फाटक वाजलं आणि मनोहरराव आत आले. काकूने घाईने पाणी आणलं. "वहिनी," ते म्हणाले, "आता मत मागायला आलो नाही. गोडं आहे ना?" काका हसले. किती दिवसांनी हसले होते.

मग त्यांनी मला विचारलं, "काय गं, पहिलं मत कुणाला दिलंस?"

मी काकांकडे पाहिलं. त्यांनाही मी सांगितलं नव्हतं. "काकांच्या पक्षाला," मी म्हटलं.

"का?"

मी वसतिगृहाचं सांगितलं. त्यांनी देखरेखीचं विचारलं, खर्चाचं विचारलं, त्यांच्या पक्षाचा माणूस काय म्हणाला तेही विचारून घेतलं. मग पेला तोंडाला लावला आणि रिकामा करून खाली ठेवला.

"मग बरोबर दिलंस," ते म्हणाले, आणि काकांकडे वळून, विहिरी उन्हाळ्यात आटू नयेत म्हणून काय करता येईल, ते सांगू लागले.