कारण: कामावर होतो

बी.ए.च्या शेवटच्या वर्षी माझी हजेरी भरली नाही. दिवाळीनंतर कापूस यायला लागला की मी यवतमाळच्या एका जिनमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, वजनकाट्यावर उभा राही. बाभुळगावकडच्या कापसाच्या बैलबंड्या सकाळीच रांगेत लागत, आणि नेमका तेव्हाच कॉलेजात इंग्रजीचा तास सुरू होई. काम सोडलं तर फी भरता येत नव्हती, आणि काम धरलं तर तास बुडत होते.

फेब्रुवारीत, परीक्षेला बसू न देण्याच्या यादीत माझा नंबर लागला. पास झालो तर जूनपासून मास्तरकी मिळणार होती, जिन सुटणार होतं. मी कॉलेजच्या कारकुनाकडे गेलो.

"आजारी होतो असं लिही," तो म्हणाला. "डॉक्टरचा कागद जोड. आजाराले सूट आहे."

"अन् कामाले?"

"कामाले नाही."

"काहून?"

"नियम मी केला काय लेका?"

तेवढ्यात मला खोकल्याची उबळ आली. जिनमध्ये उडणारी कापसाची रुई नाकातोंडात जाऊन मी महिनाभर खोकतच होतो. कारकून खूश झाला. "घे! खोटं बी लिहावं लागत नाही तुले!"

डॉक्टरांनी लिहून दिलं: खोकला, विश्रांतीची गरज. जिनमधल्या कामामुळे, एवढं जोडा, असं मी म्हणालो. "ते कॉलेजले कायले पाह्यजे?" म्हणत त्यांनी पुढच्या माणसाला बोलावलं.

तीन दिवस तो कागद खिशात होता. दहाव्या वर्षापासून मी कष्टकऱ्यांच्या सभांची पत्रकं वाटत आलो होतो. कष्टाची लाज धरू नका, असं त्यांत छापलेलं असे, आणि मी ते शब्दशः खरं मानलं होतं. शेवटी कागद खिशातच ठेवून अर्ज लिहिला: 'खोकला आहे, पण त्यामुळे एकही तास चुकला नाही. मी कामावर होतो.'

अर्ज दुसऱ्याच दिवशी नामंजूर झाला.

माय जेवायला वाढता वाढता म्हणाली, "पण खोकला तं होता ना?" ती रागावली नव्हती, खरंच विचारत होती. मी भाकर टाकून उठलो. त्याची अजून लाज वाटते.

जूनमध्ये पुन्हा त्याच वर्गात नाव घातलं. माझ्याबरोबरचे मास्तर झाले होते. दिवाळी झाली, कापूस आला, पुन्हा तास बुडू लागले.

एका सकाळी काट्यावर त्याच कारकुनाची बंडी आली. स्वतः सोबत होता.

"अजून बी.ए.च करून राह्यला का रे? तवाच ऐकलं असतं तं आज खुर्चीवर बसला असता."

वजन झालं, कापूस ढिगावर ओतला, आणि उडालेल्या धुळीत तो धोतराचा सोगा तोंडाला लावून खोकायला लागला.

"डॉक्टरचा कागद पाह्यजे काय, बाबूजी?" मी विचारलं.

तो हसला नाही. डोळे पुसत म्हणाला, "औंदा तरी अर्ज नीट लिहिजो."

"लिहून ठेवलाय," मी म्हणालो. "कारण तेच आहे."

मागचा बंडीवाला ओरडायला लागला होता. मी पुढची बंडी घेतली.