बादलीतले बुडबुडे

महायुद्धाच्या दिवसांत मोटारींचे कंपनीचे अस्सल सुटे भाग मिळेनासे झाले होते. वहिनीला कळा सुरू झाल्या म्हणून मी तिला मोटारीतून परभणीच्या दवाखान्यात घेऊन निघालो, आणि जवळा बाजार गावाशी आमच्या इंजिनाचं तेल गाळणारा ऑईल फिल्टर फुटला. रस्त्यावर तेलाची धार लागली.

तिथल्या मिस्त्रीनं फळीवरचा बाजारी, नकली फिल्टर काढला. एका भोकावर अंगठा दाबून, दुसऱ्यात रबरी नळी घालून तो पाण्याच्या बादलीत बुडवला आणि नळीतून फुंकलं. सांध्यातून बुडबुडे आले. दुसरा घेतला, त्यातूनही आले. त्याची ती सावकाशी बघून माझं डोकं फिरलं.

"अहो, कोणताही बसवा!" मी ओरडलो.

"तेल तापलं की ह्यो फुटंल. मग शिवारात काय करता?"

एवढं बोलून तो उठला आणि शेजारी नुकत्याच आणून उभ्या केलेल्या स्वतःच्या मोटारीकडे गेला. ती आमच्या मोटारीसारखीच होती. तिचा कंपनीचा फिल्टर तो सोडवू लागला. इंजिन तापलेलं होतं, बोटं पोळत होती, पण फडकं शोधायला तो थांबला नाही.

"अन् तुमची मोटार?"

"माझ्या मोटारीत कोणी कण्हून राहिलं न्हाई."

आठव्या दिवशी बाळ-बाळंतिणीला घेऊन परतलो, तेव्हा त्याची मोटार फिल्टरवाचून तशीच उघडी उभी होती, आणि तो बादलीवर वाकून बुडबुडे बघत होता.